दीक्षेच्या दिवशीचा अर्क

श्रावण कंपाउंडरच्या हातून एकही डोस कधी चुकला नव्हता. तो स्वतः असं म्हणत नसे. अकोल्यात डॉक्टर उत्तमरावांच्या दवाखान्यात येणारे लोक म्हणत. डॉक्टर घाईत चिठ्ठी खरडत आणि खिडकीतून आत सरकवत. श्रावण ती डोळ्यांजवळ धरून वाची, मग मापाच्या काचेत औषध ओती. काच डोळ्यांच्या रेषेत आल्याशिवाय तो थांबत नसे. बाटली भरली की पांढऱ्या कागदाची पट्टी दुमडून कात्रीने कड कापी. उलगडली की तिला सारख्या अंतरावर खाचा पडलेल्या असत. ती पट्टी खळीने बाटलीला उभी चिकटवली की झालं. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. ज्याला वाचता येत नाही त्यालाही समजावं असं हे काम होतं.

तो मूळचा चांदूर बाजारकडचा. बाप पुंजाजी दुसऱ्याच्या वावरात राबला. श्रावण सातवीपर्यंत शिकला आणि अमरावतीजवळच्या एका मिशनच्या दवाखान्यात बाटल्या धुवायला लागला. तिथल्या गोऱ्या मॅडमने त्याची धुतलेली बाटली उजेडासमोर धरून पाहिली, आणि महिन्याभरात त्याच्या हाती तराजू दिला. अकरा वर्षं तो तिच्या हाताखाली होता. पुड्या कशा बांधायच्या, खलात औषध कसं घोटायचं, टिंक्चर किती दिवस मुरवायचं, सगळं तिथेच शिकला. चोपन्न साली तो अकोल्याला आला.

मॅडम दर नाताळला सगळ्या नोकरांना एकेक छोटी बाटली देई. आत तपकिरी रंगाचा व्हॅनिलाचा अर्क असे. ती तो घरीच करायची. शेंगा उभ्या चिरायच्या, स्पिरिट आणि उकळून गार केलेलं पाणी निम्मं-निम्मं घेऊन त्यात बुडवायच्या, बरणी अंधारात ठेवायची, आठवड्यातून एकदा हलवायची. चार महिन्यांनी गाळायचं. खिरीत दोन थेंब टाकले तरी घरभर वास सुटे. श्रावणची बायको शकुन म्हणायची, "हा वास कायचा हाये ते समजत नाई, पन भूक लागते बापा."

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात मॅडम कायमची तिच्या देशी निघाली. निरोप मिळाला म्हणून श्रावण अमरावतीला जाऊन आला. परत येताना त्याच्या पिशवीत बिस्किटाचा एक टिनाचा डबा होता. डब्यात मेणकागदात गुंडाळलेल्या चाळीस शेंगा. काळ्या, लांब, चामड्यासारख्या मऊ.

त्या शेंगांचं काय करायचं ते त्याने आगगाडीतच ठरवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या दिवशी वस्तीतले लोक नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. श्रावण आणि शकुन होते. शेजारची मैनामाय होती. परत आल्यावर वस्तीने बरंच काही सोडलं. दसऱ्याला आपट्याची पानं, म्हणजे सोनं, वाटणंही सोडलं. ते बरोबरच होतं. पण सत्तावन्नच्या दसऱ्याला, दीक्षेच्या पहिल्या वर्षदिनी, लोक एकमेकांच्या घरी गेले, जय भीम म्हणाले आणि मग त्यांना हातांचं काय करावं ते कळेना. इतक्या वर्षांची सवय. काहीतरी द्यायचं असतं, काहीतरी घ्यायचं असतं. श्रावणने ते पाहिलं आणि त्याच्या मनात ते राहून गेलं. मॅडमच्या लोकांना त्यांच्या सणाचं काही आहे. आपला दिवस नवा आहे, तर त्याची भेटही नवी असावी. सोन्यापेक्षा चांगली. ज्या घरांच्या स्वयंपाकात असा वास कधी आला नाही तिथे तो यावा.

त्याने डॉक्टरांकडे स्पिरिट मागितलं. डॉक्टरांनी कपाटाची किल्ली काढून दिली.

"काय करतो रे एवढ्याचं?"

"एक टिंक्चर लावतो, साहेब. घरचं."

तो खोटं बोलला नव्हता. त्याच्या लेखी ते टिंक्चरच होतं. आल्याचं टिंक्चर, वेलदोड्याचं टिंक्चर, सगळं स्पिरिटातच मुरतं. पंधरा वर्षं तो स्पिरिट हाताळत होता. स्पिरिट म्हणजे त्याला पाण्यासारखं, एखाद्या वस्तूतला गुण बाहेर ओढून घेणारी गोष्ट. तिला दुसरं नाव आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

ज्येष्ठात बरणी फडताळात गेली. दसऱ्याच्या चार दिवस आधी त्याने अर्क मलमलीतून गाळला. चार-चार औंसाच्या बारा बाटल्या सोड्याने धुतल्या, नवी बुचं लावली. शकुन मांडी घालून पाहत बसली होती. त्याने बाटल्या भरल्या, ओळीने मांडल्या आणि कात्री घेतली. कागद दुमडला, खाचा कापल्या, बारा बाटल्यांना बारा पट्ट्या चिकटवल्या. एका बाटलीला आठ खुणा.

"हे कावून?" शकुन म्हणाली. "हे का औषध हाये?"

श्रावण स्वतःच्या हातांकडे पाहत राहिला. मग हसला. "हात गेला सवयीनं. राहू दे, बाटली चांगली दिसते."

ती खरंच चांगली दिसत होती.

दसऱ्याला सकाळी झेंडा झाला, वंदना झाली, आणि श्रावण पिशवी घेऊन घरोघर फिरला. प्रत्येक घरी सांगत गेला, दुधात, खिरीत दोन थेंब, जास्त नाही. लोक बूच काढून हुंगत. कोणी डोळे मिटून हुंगे. पोरं बाटलीवर झेप घेत. मैनामाय घरी नव्हती. विहारात सतरंज्या झटकत होती. तिची सून जमुना चुलीपाशी होती, तिने पिठाच्या हातांनीच बाटली घेतली. चुलीवरचं दूध उतू चाललं होतं. श्रावण काय सांगत होता त्यातलं तिने अर्धंच ऐकलं.

शेवटची बाटली त्याने डॉक्टरांना दिली. डॉक्टरांनी बूच काढलं, वास घेतला, एक थेंब बोटावर घेऊन चाखला. मग खुर्चीत मागे रेलून हसले.

"श्रावण, आज तुमच्या दीक्षेचा दिवस ना?"

"हो साहेब."

"आणि आज तू वस्तीत दारू वाटली?"

श्रावणही हसला. साहेब हसले की हसायचं, तसं. ते हसू त्याच्या तोंडावर तसंच राहिलं आणि तो सायकल हाती धरून घरापर्यंत चालत गेला. सायकलवर बसायचं त्याला सुचलं नाही.

पाचवं शील. मद्य घेणार नाही. दोन वर्षांपूर्वी लाखो लोकांबरोबर त्यानेही ते म्हटलं होतं, आणि तेव्हापासून दर रविवारी म्हणत होता. घरी येऊन त्याने मनाशी हिशोब मांडला. दोन थेंब. शेरभर दूध. उकळी. स्पिरिट उडून जातं, हे त्याला ठाऊक होतं. वास तेवढा मागे राहतो. म्हणजे कोणाच्या पोटात काही गेलं नाही. हे त्याने शकुनला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नाहीच, असं त्याने ठरवलं.

दहा दिवसांनी मैनामाय दवाखान्याच्या खिडकीशी आली. तिच्या हातात रिकामी बाटली होती.

मैनामाय साठीची होती. उंच, हाडापेराने मोठी, आवाज खणखणीत. तिचा नवरा नत्थुजी दारूने गेला. तो गेल्यावर तिने दोन पोरं मजुरीवर वाढवली. नागपूरहून परतल्यावर तिसऱ्याच दिवशी ती चार बायकांना घेऊन नाल्याकाठी गेली, हातभट्टीची मडकी लाथेने फोडली, आणि भट्टीवाला काठी घेऊन धावला तेव्हा जागची हलली नाही. तेव्हापासून वस्तीतला प्यायलेला माणूस तिच्या दारावरून जात नसे. लांबचा रस्ता धरी.

"श्रावण्या, तुह्या हाताले गुन हाये रे बापा," ती म्हणाली. "दुसरी भरून दे."

"कायची, माय?"

"कायची म्हंजे? म्या तुले सांगतलं नोतं, झोप नाई लागत, गुडघे दुखते? तू म्हनला, पाहतो काई. मंग दसऱ्याले देल्लं ना जमुनाजवळ. रोज दिवे लागले का एक खून, पान्यात टाकून. पयल्या दिसी घसा जयला. म्हनलं, जयलं म्हंजे औषध खरं." तिने रिकामी बाटली खिडकीच्या फळीवर ठेवली. आठ खुणांची पट्टी जशीच्या तशी होती. "अशी झोप लागते का सांगू. लहान लेकरावानी."

श्रावणच्या हातात मापाची काच होती. ती त्याने खाली ठेवली.

आत्ता सांगावं. खिडकीशी आणखी तीन माणसं होती. आत डॉक्टर होते. त्याने तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "आता तयार नाई, माय. करून देतो."

त्या दिवशी तो जेवला नाही. शकुनने विचारलं, तर पोट बरं नाही म्हणाला. त्याला सारखी ती पट्टी दिसत होती. मैनामायला अक्षर येत नाही. तिच्यासारख्या माणसांसाठीच ती पट्टी. ती बरोबर वागली होती. खूण पाहून, मोजून, वेळेवर. चूक डोस घेणाऱ्याची नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने साखरेचा पाक केला. त्यात वेलदोडा घातला, जळक्या साखरेने रंग आणला, बाटली भरली आणि पट्टी लावली. या वेळी हात सवयीने गेला नव्हता. मैनामायच्या घरी नेऊन दिली तेव्हा ती म्हणाली, "जीव लावू तं तुह्यावर किती लावू!" आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली.

तीन दिवसांनी जमुना शकुनकडे पीठ चाळायची चाळणी मागायला आली. श्रावण अंगणात सायकल पुसत होता.

"भाऊजी, बुढीले काय देल्लं तुमी? पयल्या औषधानं बरी होती. आता दिवस मावळला का दारात येऊन बसते. आतबाहेर करते. कोनावरबी खेकसते. म्हनते, ह्या बाटलीत दम नाई, श्रावण्याले सांग पयलंच दे. आन काल विहारात चार बायांले सांगतलं तिनं. त्याबी येतीन तुमच्याकडे."

ती हसतच बोलत होती. शकुनही हसली. श्रावणला हसू आलं नाही. दिवस मावळला की दारात येऊन बसणारी माणसं त्याने लहानपणापासून पाहिली होती. ती कशाची वाट पाहतात ते त्याला माहीत होतं.

तो तीनदा तिच्या घरी सांगायला गेला. एकदा पोरगा घरी होता. एकदा ती झोपली होती. तिसऱ्यांदा ती एकटीच होती आणि जागी होती. तेव्हा तो गुडघ्यांना लावायला तेल देऊन परत आला.

चौथ्यांदा गेला तो रविवारी सकाळी. मैनामाय ओट्यावर अंबाडी निवडत होती.

"आनलं का?" ती म्हणाली.

"नाई आनलं." तो खालच्या पायरीवर बसला. "माय, ते औषध नोतं."

"मंग काय होतं?"

"वासाचं होतं. खिरीत टाकाचं. म्या जमुनाले सांगतलं होतं, दोन थेंब. पट्टी चुकून लावली म्या."

"मंग चांगलं झालं ना चुकून. झोप तं लागली."

त्याला इथे थांबता आलं असतं. ती त्याला थांबू देत होती. त्याने पायरीवरची अंबाडीची एक काडी उचलली, तिचे दोन तुकडे केले.

"त्यात स्पिरिट होतं."

"थे काय असते?"

"त्याच्यात शेंगा मुरवा लागते."

"दारू?"

"स्पिरिट म्हनते त्याले."

"श्रावण, म्या काय इचारलं?"

ती त्याला कधी श्रावण म्हणत नसे. श्रावण्या म्हणायची.

"हो," तो म्हणाला. "दारूच."

मैनामायने हातातली जुडी सुपात ठेवली. पदराने हात पुसले. बराच वेळ ती हात पुसत होती. मग उठून आत गेली आणि दुसरी बाटली घेऊन आली. वरच्या तीन खुणा रिकाम्या होत्या.

"आन ह्याच्यात?"

"साखर. इलायची."

"हे बी औषध नाई."

"नाई."

"हे तं चुकून नाई झालं."

श्रावणने काडीचे तुकडे पायरीवर ठेवले.

"आमचा बुढा रोज सांजचा म्हने, मैने, औषध म्हनून घेतो वं. पाठ दुखते. झोप नाई लागत," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळे श्रावणला वर पाहवेना. "पंधरा वर्सं म्हने. म्या एक दिस खरं नाई मानलं. आन आठ दिस म्या तेच केलं. दिवे लागले का. मले तं कोनी म्हनाले बी नोतं, का खोटं हाये." ती थांबली. "कवा समजलं तुले?"

"तू बाटली घेऊन आली तवा."

"पंधरा दिस झाले."

"हो."

"माहं पाचवं मोडलं, श्रावण. नकयत मोडलं. तुहं चौथं मोडलं. थे जानून." तिने बाटली त्याच्या शेजारी पायरीवर ठेवली. "जाय आता."

चौथं शील म्हणजे खोटं न बोलणं. घरी जाताना तो ते मनात म्हणून पाहत होता. पाली शब्द तोंडपाठ होते. अर्थ वंदना घेणारे सूर्यभान मास्तर दर वेळी सांगत. खोटं बोलणं म्हणजे फक्त खोटा शब्द बोलणं नव्हे, असंही ते एकदा म्हणाले होते. तेव्हा श्रावणने मान डोलावली होती.

घरी त्याने शकुनला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मले दसऱ्याच्या दिसी सांगतलं असतं, तं म्या तवाच अकराही घरी जाऊन आली असती." एवढंच.

संध्याकाळी वंदना होती. वस्तीच्या टोकाला टिनाचं छप्पर होतं, त्यालाच सगळे विहार म्हणत. पुढे बायका बसत, मागे पुरुष. सूर्यभान मास्तर ओळ सांगत आणि सगळे मागोमाग म्हणत. श्रावण खांबाला टेकून बसला. पहिलं झालं. दुसरं, तिसरं झालं. चौथं आलं तेव्हा त्याचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. शेजारच्याला कळलंही नसेल.

पाचव्याच्या आधी मैनामाय उभी राहिली.

"मास्तर, थांबा."

मास्तर थांबले. सगळ्यांच्या माना वळल्या.

"माहं हे मोडलं," ती म्हणाली. "आठ दिस म्या दारू घेतली. औषध समजून घेतली. नकयत झालं, पन पोटात तं गेली. म्हनून एकटीनं म्हनते. मंग तुमी म्हना."

मैनामाय, जिने भट्टी फोडली. एक म्हातारा हळूच म्हणाला, "कोनं देल्ली बाई तुले?"

"हात माहा होता," मैनामाय म्हणाली. "म्याच पेली. दुसऱ्याचं नाव कावून?"

तिने हात जोडले आणि पाचवं शील एकटीने म्हटलं. प्रत्येक शब्द सुटा सुटा. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. श्रावण खांबाला टेकलेलाच होता. आपण आत्ता उठायला हवं, हे त्याला इतकं स्पष्ट दिसत होतं की जणू कोणी दुसराच उठणार आहे आणि आपण त्याची वाट पाहत आहोत. मैनामाय खाली बसली. सगळ्यांनी पाचवं म्हटलं. शेवटचं साधु साधु झालं. लोक सतरंजीवरून उठायला लागले. पोरं चपला शोधायला धावली.

तेव्हा तो उभा राहिला.

"बाटली म्या देल्ली होती," तो म्हणाला.

पुढच्या दोन-चार बायकांनी ऐकलं. बाकीचे बोलत होते, पदर झटकत होते. मैनामाय गुडघ्यावर हात ठेवून उठत होती. तशीच अर्धवट वाकलेली, त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "जोरानं सांग. मांगच्यायले ऐकू नाई आलं."

त्याने पुन्हा सांगितलं. दसऱ्याला अकरा घरी दिलं ते दारूत मुरवलेलं होतं. मला त्याच दिवशी कळलं. मी कोणाला सांगितलं नाही. मैनामायला कळू नये म्हणून मी तिला साखरेचं पाणी औषध म्हणून दिलं. हे सांगायला फार वेळ लागला नाही. महिनाभर ज्याचं ओझं वाहिलं ते इतक्या थोड्या शब्दांचं होतं.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर त्याला बरं वाटलं असतं. पाठीमागून कोणीतरी "कंपाउंडर!" एवढंच म्हणालं आणि दोघंतिघं हसली. मग पुढच्या रांगेतली एक तरणी बाई, कडेवर पोर घेतलेली, घाबरत म्हणाली, "भाऊ, आमी तं खिरीत टाकलं. दोनच थेंब. लेकरायनं खाल्ली. उकयली होती चांगली. मंग ते चालते का?"

छपराखालचे सगळे त्याच्याकडे पाहू लागले. उत्तर त्याच्यापाशी तयार होतं. उकळी आली की स्पिरिट उडून जातं, वास तेवढा राहतो. महिनाभर रोज तो हे स्वतःला सांगत आला होता, आणि ते बहुतेक खरंही होतं. ती बाई ते ऐकायला थांबली होती. पोर तिच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होतं.

"मले नाई सांगता येत, बाई," श्रावण म्हणाला. "टाकाच्या आंधी तुमाले इचारता आलं पायजे होतं."